पिवळीची बहीण

त्या जपानी मालिकेत पाच वीर होते आणि पाचांच्या डोक्यावर पाच रंगांची हेल्मेटं होती. हेल्मेटला तोंडाच्या जागी नुसती चंदेरी पट्टी. डबिंग करणाऱ्याला याहून मोठं सुख नाही. ओठच दिसत नाहीत म्हटल्यावर ओठांना शब्द जुळवायची कटकट मिटली. मान हलली, हात हलला, की त्या वीराला वाट्टेल ते बोलायला लावा. संवादवाल्या बाईंनी नेमकं तेच केलं आणि त्याची फळं पुढे पस्तीस वर्षं भोगली.

स्टुडिओत त्यांना सगळे संवादवाल्या बाई म्हणत. वय तेव्हा एकोणतीस. जपानीतलं ओ की ठो कळत नव्हतं. स्टुडिओ म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले, दाराला जाड कांबळं टांगलेलं, आणि तरीही खाली कुणी रिमवर हातोडा घातला की वरचं रेकॉर्डिंग थांबायचं. महिन्याला चार भागांच्या टेप खोक्यातून यायच्या. बरोबर संवादांचे कागद यायचे, तेही मोडक्यातोडक्या इंग्रजीत. पहिल्या आठ भागांचे तर तेही आले नाहीत. मालक म्हणाले, "बघा आणि लिहा. मारामारीच तर आहे, त्यात काय समजायचंय?" बाई टीव्हीसमोर वही घेऊन बसल्या, आवाज बंद केला आणि समोरच्या माणसांच्या हातवाऱ्यांवरून आठ भाग मनाने लिहून मोकळ्या झाल्या. कुणाला काही कळलं नाही. कळणार कुणाला? जपानी येणारा माणूस त्या शहरात औषधालाही नव्हता.

पुढची भानगड मालकांच्या चिकटपणामुळे झाली. आवाज देणाऱ्या दोन बायका होत्या. त्यातली एक बाळंतपणाला गेली ती परत आलीच नाही, आणि मालकांनी दुसरी घेतली नाही. मग उरलेली आवाजवाली एकटी सगळ्या बायकांचे आवाज काढू लागली. तिच्याकडे दोनच आवाज होते, एक बारीक आणि एक जाड. बारीक गेला गुलाबी वीरांगनेला. जाड आवाज पिवळ्या वीरांगनेला द्यावा लागला, आणि तोच शत्रूच्या सेनापतीणबाईलाही. सेनापतीण काळ्या कपड्यांत, हातात चाबूक, नाकाखाली लोखंडी मुखवटा. दिसायचे ते फक्त डोळे. दोघी समोरासमोर आल्या की एकच बाई स्वतःशी भांडत असल्यासारखं वाटायचं.

मोठ्या माणसांनी दुर्लक्ष केलं असतं, पण बघणारी पोरं होती. पत्रं आली. पिवळीचा आणि सेनापतीणीचा आवाज एकच कसा? त्या बहिणी आहेत का? मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. चॅनेलवाल्यांना कळलं तर काम जायचं. बाई म्हणाल्या, "बहिणी आहेत म्हणून टाका. थोरली रागावून घर सोडून गेली आणि शत्रूला मिळाली."

"असं मूळ गोष्टीत आहे?"

"मूळ गोष्टीत काय आहे ते तुम्हाला माहितेय का?"

मालकांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला.

बाईंना हे असं चटकन सुचलं त्याला कारण होतं. त्यांची स्वतःची थोरली बहीण नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती.

ती गेली ती काही उगीच नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा थोरली एकोणीस वर्षांची होती. वडिलांनी तिला कॉलेजातून काढलं आणि आईच्या उशाशी बसवलं. सहा वर्षं तिने आईचं सगळं केलं. धाकटी तेवढ्यात शाळा संपवून कॉलेजात गेली, वक्तृत्वाच्या ढाली घेऊन आली. आई गेली आणि महिना उलटायच्या आत थोरलीने बॅग भरली, दुसऱ्या गावच्या एका माणसाशी लग्न केलं. वडील म्हणाले, "ती मला मेली." असली वाक्यं बोलायला सोपी असतात. पुढे वडिलांना झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि त्या जड जिभेवर एकच प्रश्न उरला. बाई संध्याकाळी स्टुडिओतून आल्या, दिवसभर वडिलांपाशी बसलेल्या शेजारच्या काकू उठून गेल्या, की वडील विचारायचे, "थोरली आली का?" रोज. तीन वर्षं रोज.

बाईंनी थोरलीला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. स्वतः जाऊन तिचे पाय धरावेत, तर वडिलांना एक रात्रही एकटं ठेवायची सोय नव्हती. आणि खोटं कशाला बोला, बाईंना थोरली फक्त वडिलांसाठी हवी नव्हती. मोठ्या शहरातल्या एका डबिंग कंपनीचं पत्र त्यांच्या कपाटात होतं. कायमची नोकरी, नाव पडद्यावर, मालिका नव्हे तर सिनेमे. वर्षअखेरीपर्यंत जागा राखून ठेवू, असं त्यांनी लिहिलं होतं. बाईंनी कळवलं होतं की घरची व्यवस्था लागली की येते. घरची व्यवस्था म्हणजे काय, हे त्या कंपनीला विचारायचं कारण नव्हतं.

तेव्हा बाईंनी चौथं पत्र लिहिलं नाही. दर रविवारी सकाळी दहा वाजता, घरोघरी ऐकू जाईल असं, त्या थोरलीशी बोलू लागल्या. थोरलीला मुलगा झालाय हे कानावर आलं होतं. सात वर्षांचं पोर घरात आहे म्हणजे मालिका लागतच असणार, हा हिशोब पक्का होता.

चौदाव्या भागात खडीच्या खाणीत मारामारी आहे. मागे स्फोट होताहेत, पिवळीच्या हातात तलवार, सेनापतीणीच्या हातात चाबूक, आणि पिवळी म्हणते, "आपण एका उशीवर झोपलोय. झोपेत तू सगळी उशी ओढायचीस, मी कधी बोलले नाही. आज बोलणार आहे."

आवाजवालीने कागद खाली ठेवला. "बाई, असलं कुणी युद्धात बोलतं का?"

"आमच्याकडे बोलतात."

आईची एक सवय होती. दोघी बहिणी रडत-ओरडत तिच्याकडे तक्रार घेऊन गेल्या की ती म्हणायची, "आधी तोंड धुऊन ये, मग भांड." तेही वाक्य पिवळीच्या तोंडी गेलं. मूळ कागदावर तिथे लिहिलं होतं, 'तयार हो, राक्षसांच्या दासी!' बाईंनी ते खोडलं. पुढच्या आठवड्यात गल्लीबोळांतली पोरं एकमेकांना तोंड धुऊन यायला सांगू लागली. मालक खूष झाले. बाईंना त्या पोरांशी काही देणंघेणं नव्हतं.

आणि एक दिवस पोस्टकार्ड आलं. मजकुराचं अक्षर लहान मुलाचं, ओळी उताराला लागलेल्या. 'सेनापतीणीला मारू नका. माझी आई म्हणते ती घरी जाईल. कधी ते सांगत नाही.' पत्ता मात्र मोठ्या माणसाने लिहिलेला. त्या अक्षराच्या वह्यांवरून बाईंनी लहानपणी गृहपाठ उतरवला होता. कार्ड हातात धरून त्या जिन्यात बसल्या आणि खालच्या टायरवाल्याने काय झालं म्हणून विचारलं तर त्यांनी नुसतं कार्ड पुढे केलं.

तिथून पुढे बाई वाहवत गेल्या. मूळ मालिका कुठे चाललीय हे त्यांना ठाऊक नव्हतं. टेप चार-चारच येत होत्या. पण माणसाला जे हवं असतं ते त्याला दिसतं. छत्तिसाव्या भागात सेनापतीणीच्या हातून चाबूक पडतो आणि ती पिवळीला जाऊ देते. त्या नटीच्या मनगटाचा सांधा दुखत असेल, दिग्दर्शकाला जेवायची घाई असेल, कोण जाणे. बाईंनी ठरवून टाकलं की जपानमध्येसुद्धा बहिणी एक होणार आहेत. अडतिसाव्या भागाच्या शेवटी पिवळी तिला सांगते, "दार नुसतं लोटलेलं आहे. कडी घातलेली नाही. तू ये."

त्यानंतरच्या गुरुवारी एकोणचाळिसाव्या भागाचं रेकॉर्डिंग होतं. बुधवारी सकाळी वडिलांचा श्वास लागला आणि बाई त्यांना घेऊन इस्पितळात गेल्या. तो भाग त्यांनी पाहिलासुद्धा नव्हता. मालकांना त्यांनी काकूंकडून निरोप पाठवला, थांबता आलं तर थांबा. मालकांना थांबता येणार नव्हतं, रविवार कुणासाठी थांबत नाही. त्यांनी टेप लावली, मूळ कागद घेतला, सरळ भाषांतर केलं, आणि आपली अक्कल म्हणून एक वाक्य पदरचं घातलं.

बाईंनी तो भाग इस्पितळाच्या बाहेरच्या खोलीत पाहिला. कोपऱ्यात उंचावर टीव्ही, खाली बाकावर पायाला प्लॅस्टर घातलेला एक मुलगा आणि त्याचे आईवडील. बाईंच्या हातात थर्मास. पडद्यावर तीच खाण, तेच स्फोट. पिवळीने उडी मारली आणि तलवार आरपार घातली. जाड आवाज म्हणाला, "दुष्टांना क्षमा नाही!" आणि मग मालकांचं वाक्य, बहिणींचं प्रकरण निकालात काढण्यासाठी घातलेलं, "तू माझी कुणी नव्हतीस!" सेनापतीण पडली. मोठा स्फोट. पाच वीर ओळीत उभे राहिले, कमरेवर हात ठेवून हसले, आणि शेवटचं गाणं लागलं. प्लॅस्टरवाला मुलगा भोकाड पसरून रडायला लागला. त्याचे वडील म्हणाले, "अरे, वाईट बाई होती ना ती!"

वडील त्यानंतर अकरा आठवडे जगले. प्रश्न शेवटपर्यंत तोच. गेल्यावर बाईंनी तार केली. कुणी आलं नाही. मोठ्या शहरातली जागा तोवर भरली गेली होती.

उरलेले भाग बाईंनी मूळ कागद बघून जसेच्या तसे उतरवले. थोरलीला पुन्हा पत्र लिहायला त्या कितीदा तरी बसल्या. काय लिहिणार? टीव्हीवरच्या पिवळ्या हेल्मेटवालीने तुला मारलं ती मी नव्हे? शहाण्या माणसाने असलं पत्र लिहायचं नसतं. न लिहिलेलं ते पत्र मात्र त्यांनी मनात इतक्या वेळा घोकलं की त्यातला शब्द न् शब्द पाठ झाला. आपण त्या गुरुवारी तासभर जरी स्टुडिओत गेलो असतो तर ताई आली असती, बाबांनी तिला पाहिलं असतं, ही खूणगाठ त्यांनी बांधली आणि ती सोडवायचा कधी प्रयत्न केला नाही. पुढे स्टुडिओ बंद पडला. बाई गिझर आणि मिक्सरच्या माहितीपुस्तिका लिहू लागल्या. ओल्या हाताने बटण दाबू नये. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. त्या कामात कुणाला बोलवायची सोय नव्हती आणि बाईंना ते बरंच वाटायचं. लग्न झालं नाही. झालं नाही म्हणजे केलं नाही, असं त्या सांगत.

चौसष्टाव्या वर्षी त्यांना एक फोन आला. मालिकेला पस्तीस वर्षं झाली म्हणून काही चाहत्यांनी कार्यक्रम ठरवला होता. मालिकेची बलस्थानं आणि उणिवा यावर चर्चा, मग चहा. आवाजवाली हयात नाही, मालक हयात नाहीत, तुम्ही तरी या. बाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि पलीकडच्या माणसाने आपलं गाव सांगितलं, थोरली लग्न करून गेली होती तेच. बाई म्हणाल्या, "येते."

ग्रंथालयाच्या तळघरातली खोली होती. चाळिशीची तीस-पस्तीस माणसं, पोटं सुटलेली, केस गेलेले, आणि अंगात एकसारखे पिवळे टी-शर्ट. त्यावर छापलेलं, 'आधी तोंड धुऊन ये, मग भांड.' आईचं वाक्य अनोळखी लोकांच्या पोटांवर वाचून बाईंनी नजर वळवली. बोलायला उभा राहिला तो फोनवरचा माणूस. बाईंनी त्याचे कान पाहिले. बाबांचे कान, टोकाला जरा बाहेर वळलेले. त्या खुर्चीत घट्ट बसून राहिल्या.

त्याने उणिवांपासून सुरुवात केली, आणि मजेत केली. पन्नास भागांत खडीची खाण एकच. तोच एक स्फोट, त्याच कोनातून, त्याने मोजला होता, एकतीस वेळा. पाच वीर आपापली नावं सांगत पोझ घेतात तोवर राक्षस बिचारा पाहुण्यासारखा उभा. राक्षसाच्या पाठीला चेन, आणि ती एकदा अर्धी उघडी. गुलाबीला चौदा वेळा पळवून नेलंय, काळ्या वीराला पन्नास भागांत काही म्हणजे काही काम नाही. शेवटच्या पाच मिनिटांत यंत्रमानव येतो आणि पुठ्ठ्याच्या इमारती पाडतो. बाविसाव्या भागात अशा एका इमारतीवर बसएवढी मुंगी चालताना दिसते. लोक हसून हसून बेजार झाले.

मग बलस्थानं. सगळ्या उड्या खऱ्या, आग खरी. सतराव्या भागात तांबड्याचा वेष घातलेला माणूस दगडावरून पडतो, त्याचा गुडघा दुमडतो, आणि ते तसंच ठेवलंय. संगीत. सेनापतीणीचं काम करणारी नटी, जिने फक्त डोळ्यांवर पन्नास नव्हे, एकोणचाळीस भाग ओढले. "पण खरं बलस्थान दोन बहिणी," तो म्हणाला आणि थांबला. "गेल्या वर्षी मी मूळ जपानी मालिका सबटायटलांसह पाहिली. त्यात बहिणी नाहीतच. त्या दोघी चार वेळा समोरासमोर येतात आणि धड दोन वाक्यंसुद्धा बोलत नाहीत. आपण जिच्यावर जीव टाकला ती गोष्ट जपानमध्ये बनलीच नव्हती. ती टायरच्या दुकानावर बनली, आणि जिने बनवली ती बाई आज इथे बसलीय."

टाळ्या झाल्या. काही माणसं चक्क उभी राहिली. बाईंना आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या आणि कपाळावर आठी पडली.

"आणि सगळ्यात मोठी उणीव," तो पुढे म्हणाला, "तीही इथलीच. एकोणचाळिसावा भाग. मी सात वर्षांचा होतो. तुम्हाला कार्ड पाठवलं होतं, तिला मारू नका म्हणून. त्या दिवशी आमच्या आईने उठून टीव्ही बंद केला. पुन्हा ती मालिका आमच्या घरात लागली नाही. मॅडम, रागावू नका, पण ते वाक्य तुम्ही का लिहिलंत?"

"मी लिहिलं नाही," बाई म्हणाल्या. "मी त्या दिवशी इस्पितळात होते. वडील आजारी होते. ते मालकांनी लिहिलं."

मग एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी, आणि ती माणसं डोळे पुसू लागली. त्यांच्या लहानपणाची एक सल निघाली होती, त्यांचं काम झालं होतं. चहाच्या टेबलाशी बाईंनी त्याला गाठलं. "तुमची आई?"

"माझ्याकडेच असते, वडील गेल्यापासून. गुडघे गेलेत तिचे, नाहीतर आणली असती."

"मला भेटायचंय त्यांना. आत्ता."

तो हरखला. आईला कुणी बहीण नाही, भाऊ नाही, माणसांत फारशी मिसळत नाही, आणि एवढी मोठी पाहुणी घरी येतेय. गाडीत तो छत्तिसाव्या भागाबद्दल बोलत राहिला. बाई मनातल्या मनात पत्र घोकत होत्या.

चौथा मजला. गॅलरीच्या दाराशी खुर्चीत थोरली मटार सोलत बसली होती. केस पूर्ण पांढरे, पायांना गरम पट्टे गुंडाळलेले. तिने वर पाहिलं, सोललेले दाणे भांड्यात टाकले आणि मुलाला म्हणाली, "दूध आण."

"आहे की घरात."

"संपलंय. जा."

दार बंद झाल्याचा आवाज आला.

"बस," थोरली म्हणाली. "हाडं निघालीत तुझी."

बाई बसल्या नाहीत. पस्तीस वर्षं पाठ केलेलं त्यांनी उभ्या उभ्या म्हणून टाकलं. "ताई, ते वाक्य माझं नव्हतं. बाबांना त्या बुधवारी इस्पितळात नेलं. मालकांनी परस्पर लिहिलं. मी असते तर काही झालं तरी तुला मारू दिलं नसतं. हेल्मेटच होतं, ओठ दिसत नव्हते, मी काहीही बोलायला लावलं असतं."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"तुझं नव्हतं ते. 'दुष्टांना क्षमा नाही' असलं तू लिहिशील? तू आधी चार टोमणे मारशील, उशीचं काढशील, आईचं काढशील. त्याच क्षणी कळलं मला, आज ही तिथे नाही म्हणून."

बाई खाली बसल्या. "मग टीव्ही का बंद केलास?"

"सुटले म्हणून." थोरलीने आणखी एक शेंग उचलली. "दर रविवारी माझ्या घरात येऊन बसायचीस तू. पोरगं विचारायचं, आई, ती घरी जाईल का गं? त्याचे वडील हसायचे. मी काय करणार? हळूहळू पाघळत चालले होते. बॅगसुद्धा काढली होती माळ्यावरून. आणि त्या दिवशी त्या मूर्ख माणसाने लिहिलं, तू माझी कुणी नव्हतीस. म्हटलं बरं झालं, आता मला न जायला कारण मिळालं."

"बाबा रोज विचारायचे. शेवटच्या दिवशीसुद्धा. थोरली आली का."

"विचारत असतील. कॉलेजातून काढताना मला कुणी विचारलं नव्हतं." ती हे रागाने म्हणाली नाही, राग कधीच जुना होऊन गेला होता. "सहा वर्षं मी आईची कूस बदलली. तू बाहेरच्या खोलीत भाषणं पाठ करायचीस, मला आत ऐकू यायची. त्याचा राग नाही मला. पण खरं सांग, तू मला कशाला बोलवत होतीस?"

"बाबांना तुला बघायचं होतं."

"ते बाबांचं झालं. तुला काय हवं होतं? मला शेजारच्या काकूंनी कळवलं होतं, तुला मोठ्या शहरातून बोलावणं आलंय म्हणून. मी आत आले असते की तू बाहेर. तू बहिणीला बोलवत नव्हतीस, बदलीवर माणूस बघत होतीस. पिवळी मला दार उघडं आहे म्हणाली ना, तेव्हा मला दारातून बाहेर पडणारी तूच दिसत होतीस."

बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. अडतीस भाग त्यांनी माणसांच्या तोंडी वाट्टेल ते घातलं होतं, एक 'नाही' काय जड होतं? पण समोर बसलेल्या बाईला त्यांची सगळी वाक्यं पाठ होती.

"हो," त्या म्हणाल्या.

"कधी निघणार होतीस?"

"दुसऱ्या दिवशी."

थोरलीचे हात थांबले. इतक्या वेळात पहिल्यांदा तिने धाकटीकडे नीट पाहिलं.

"दुसऱ्याच दिवशी?" ती म्हणाली. "मला वाटायचं, निदान आठवडाभर तरी राहशील माझ्याजवळ."

थोरलीने भांडं बाजूला ठेवलं, सालं पदरात गोळा केली आणि त्यातून चुकून राहिलेले दाणे वेचू लागली. दारात किल्ली फिरली. दुधाची पिशवी हातात घेऊन तो आत आला, दोघींकडे आळीपाळीने बघत हसला. "काय मग, सांगितलं का आईला? एकोणचाळिसाव्या भागाचं?"

"सांगितलं," थोरली म्हणाली.

"बघ! मी म्हणत नव्हतो, त्यांनी नसेलच लिहिलं म्हणून! चहा टाकतो. तुम्ही मॅडम, आज जेवूनच जा."

"नको," थोरली म्हणाली. "बाईंना उशीर होतोय. खाली सोडून ये त्यांना."

बाई उठल्या. त्याने दूध ओट्यावर ठेवलं आणि गाडीची किल्ली पुन्हा हातात घेतली.